व्हर्नाचा डावा पाय

ज्याच्या गाडीला क्लच नाही त्याला व्हर्ना स्टिडम ड्रायव्हर म्हणत नसे. "हे नुसते बसणारे," ती म्हणे, "आणि बसायला काय, बटाट्याचं पोतंही बसतं." हे ती कुणाच्या पाठीमागे बोलत नसे. ब्रशी क्रीकच्या शर्यतपट्टीवर, तळलेल्या बलोनीचं, म्हणजे मांसाच्या चकत्यांचं, सँडविच खात, ज्याला लागायचं त्याला नीट लागेल अशा आवाजात बोले.

तीस वर्षं ती तिथे निळी नोव्हा गाडी पळवत होती. चार गिअरची, हाताने टाकायचे. शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवून घेतलेली गाडी, नवऱ्याच्या पैशातून नव्हे, हेही ती सांगून टाकी. तिच्या तोंडातून कोणी सुटत नसे. हौशी पोरं रोजचे नक्षीचे टायर घेऊन, टायर ओले करून तापवायला ठेवलेल्या पाण्याच्या डबक्यात शिरत आणि ते पाणी थेट सुरुवातीच्या रेषेपर्यंत ओघळत नेत. "आंघोळ घालून आणली का रे?" ती ओरडे. पण तिचा खरा राग होता ब्रेकवाल्यांवर.

या सरळ पट्टीवर दोन-दोन गाड्या सुटत, आणि नियम साधा होता. आपली गाडी किती सेकंदांत टोक गाठेल तो आकडा बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने काचेवर लिहायचा. दोन आकड्यांत जेवढा फरक, तेवढी हळू गाडी आधी सोडतात. जो पहिला पोचेल तो जिंकला. पण लिहिल्यापेक्षा लवकर पोचलात तर हरलात. म्हणून काही शहाणे आकडा मुद्दाम फुगवून लिहितात, आणि पुढे निघालो असं दिसलं की शेवटच्या रेषेपाशी ब्रेक दाबतात. त्यांना बक्षिसं मिळतात. व्हर्ना त्यांच्याकडे बघून थुंके. शर्यतीत येऊन ब्रेक दाबायचा तर माणसाने शाळेची बस चालवावी.

तिचा धाकटा दीर डेलमर हा ब्रेकवाल्यांचा राजा. ऑटोमॅटिक गाडी, व्हर्नाच्या गाडीहून वेगवान, मुठीत एक बटण. बटण सोडलं की गाडी सुटते. घरात त्याने चषकांची रांग लावली होती. व्हर्ना म्हणे, "भावोजींच्या अंगठ्याला मिळालेत ते."

आणि नेमका त्या हिवाळ्यात तिचा डावा गुडघा गेला. चर्चच्या पायऱ्यांवर बर्फ होता, ती घसरली. आठवड्यात बरा होईल म्हणाली, झाला नाही. एक दिवस मुलगी जोलीनने पाहिलं की आई गाडीत बसताना डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवते. ईस्टरच्या जेवणाला, हॅम कापता कापता, तिने ते सगळ्यांसमोर बोलून टाकलं.

"माझ्या गोठ्यात एक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पडलाय, वहिनी," डेलमर म्हणाला. "फुकट देतो. बसवूनही देतो."

"तुमच्या गोठ्यात राहू दे. गाईंना होईल उपयोग."

"मग पैज लाव. यंदा पट्टीवर मला हरवलंस तर पुन्हा नाव काढणार नाही. हरलीस तर तुझे चार गिअर बाहेर, माझा डबा आत."

"आणि जिंकले तर तुम्ही दोघांनी माझ्या गुडघ्याचा ग काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," जोलीन डोळे पुसत म्हणाली. आई हरावी अशीच तिची इच्छा होती, आणि व्हर्नाला ते कळत होतं.

जूनमध्ये, पैजेच्या शनिवारी दुपारी व्हर्नाने पॉलिशची बाटली घेतली आणि काचेसमोर बराच वेळ उभी राहिली. तिची गाडी साडेतेरा सेकंदांची, हे अख्ख्या पट्टीला ठाऊक. पण क्लच सुटायला जरा उशीर झाला, पाय मध्येच अडकला, तर? जगातल्या प्रत्येक पायाला नावं ठेवणाऱ्या बाईचा स्वतःच्या पायावर भरवसा उरला नव्हता. तिने लिहिलं: तेरा-नव्वद, म्हणजे जवळजवळ चौदा सेकंद.

डेलमरने वाचलं आणि टाळी वाजवली. "अरे वा! वहिनी आकडा फुगवायला लागल्या! ये, ये, आमच्यात ये. शेवटी ब्रेक कुठे असतो तो दाखवू का?"

आजूबाजूचे हसले. गुडघ्यासाठी लिहिला असं म्हणाली असती तर सगळे गप्प झाले असते, कुणी बिचारीही म्हटलं असतं. ते 'बिचारी' तिला नको होतं. ती लबाड ठरली आणि मुकाट्याने गाडीत बसली. पाय हातांनी उचलून, दार लावून घेऊन, कुणाला दिसू न देता.

टायर ओले करून तिने ते जागच्या जागी फिरवले, धूर काढला, रेषेवर आली. खांबावरचे तिच्या बाजूचे दोन छोटे दिवे लागले. पहिला गिअर, क्लच तळापर्यंत. आता डेलमरने रेषेवर यायचं, की खेळ सुरू.

डेलमर येईना. रेषेच्या वीतभर मागे तो निवांत थांबून राहिला. त्याला काय, त्याचा डावा पाय सुट्टीवर. आधी त्याने आरसा नीट केला, मग हातमोजा. व्हर्नाचा पाय क्लचवर थरथरू लागला. गुडघ्यात कुणी सुई फिरवावी तशी कळ मांडीपर्यंत चढली. तिने डावीकडे पाहिलं. तो तिच्याचकडे बघत होता आणि हसत होता. त्याला सगळं ठाऊक होतं.

"मेल्या," ती दात आवळून म्हणाली, "थांब तू."

डेलमर अखेर पुढे सरकला. हळू गाडी तिची, म्हणून आधी सुटायचं तिने; तिने इंजिन चढवलं. पिवळा, पिवळा, आणि तिसरा पिवळा लागतो न लागतो तोच, गाडी हलेपर्यंत हिरवा लागतोच म्हणून, तिने पाय क्लचवरून बाजूला सरकवला. दुखणं आठवायला वेळ नव्हता, पाय अडकायलाही नव्हता. टायर क्षणभर किंचाळले आणि त्यांनी रस्ता धरला. दुसरा. तिसरा. डावा पाय खाली गेला, वर आला, पुन्हा गेला, कुणाला न विचारता. दुखत होता, मरणाचा दुखत होता, पण चुकत नव्हता. व्हर्ना एकटीच मोठ्याने हसली.

चौथा टाकून तिने आरशात पाहिलं. डेलमर लांब मागे होता, आणि बघता बघता त्याच्या गाडीचं नाक खाली वाकलं. ब्रेक! तो कशाला दाबेल? तो तिला गाठू शकत नव्हता म्हणून. ती लिहिल्यापेक्षा कितीतरी वेगात होती म्हणून; आता त्याने फक्त स्वतःच्या आकड्याआधी पोचायचं नव्हतं. अशीच गेली तर तीच हरणार, हे तिला लख्ख कळलं. समोर अजून रस्ता होता. उजवा पाय नुसता उचलून बाजूच्या पेडलवर ठेवायचा होता. पैज तिची, चार गिअर तिचे, गुडघ्याचा विषय कायमचा बंद.

इतकी सुंदर सुटलेली गाडी, आणि ती आपल्याच पायाने अडवायची? डेलमरसारखी?

तिने पाय आणखी दाबला.

पट्टीशेजारच्या परतीच्या रस्त्यावर जोलीनने वेळेची चिठ्ठी आणली. "आई, तेरा-अठ्ठेचाळीस! बाबा होते तेव्हाही तू इतकी वेगात गेली नव्हतीस." मग हळूच म्हणाली, "हरलीस गं."

"वाचता येतं मला."

डेलमर आला तो छाती फुगवूनच. "अगं, ब्रेक का नाही दाबलास? जिंकत होतीस की!"

"ती तुमची कला, भावोजी. मला नाही जमत."

"बरं, मग शब्दाचं काय?"

"शब्द फिरवणं ही पण तुमचीच कला." तिने किल्ली त्याच्या छातीवर टाकली. उतरायला गेली तर गुडघा दुमडला. दार धरून उभी राहिली आणि कुणी हात पुढे करायच्या आत "सरका" म्हणाली.

डेलमरचा गोठा चार मैलांवर. वहिनीचं मन बदलायच्या आत गाडी आजच तिथे न्यायची म्हणून डेलमर स्वतः नोव्हात बसला. व्हर्ना शेजारच्या सीटवर. तीस वर्षांत त्या बाजूला ती पहिल्यांदाच बसत होती. डेलमरने क्लच सोडला, गाडीने उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. सँडविचच्या टपरीपासून कुंपणापर्यंत हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "बटाटे उतरवा रे!"

व्हर्नाने बोलायला तोंड उघडलं. असा मोका तिने जन्मात सोडला नव्हता. पण डेलमर तिसऱ्यांदा क्लच दाबत होता आणि तिचा डावा पाय, तो दुखरा, सुजलेला पाय, त्याच्याबरोबर खाली जात होता, गाडीच्या रिकाम्या तळावर, जिथे काहीच नव्हतं.

"हळू सोडा, भावोजी," ती म्हणाली. "हळू. जीव आहे अजून त्यात."