चार वेळा मेलेला माणूस

देवजीकाकाचं मेमरी कार्ड मी फॉरमॅट केलं.

फोनच्या पडद्यावर प्रश्न उमटला, ‘फॉरमॅट करायचं?’ आणि मी होय म्हटलं. ‘माहिती विहित फॉरमॅटमध्ये सादर करावी’ अशी पत्रं वाचण्यात तलासरीच्या शाळेत माझी पंधरा वर्षं गेलेली. मला वाटलं, कार्डातला पसारा आता रकान्यांत नीट बसेल. तो इतका नीट बसला, की काहीच उरलं नाही.

काका आठवतो तो त्याआधीचा. कैनाडच्या वाडीत, सकाळी, चिकूच्या दाट छायेत तो उभा असे. पानांमधून पाझरणारे उन्हाचे कवडसे त्याच्या मळकट बनियनवर असे विखुरत, की सूर्यानेच त्याला कमांडोचा ठिपक्याठिपक्यांचा गणवेश शिवून दिलाय असं वाटावं. हातात फळं काढायचा जाळीचा लांब बांबू. मध्येच तो बांबू गरकन फिरे, सुक्या पाचोळ्यावर टाच करकरे, घशातून ‘हू... हाss’ असा हुंकार निघे आणि एखादा अदृश्य शत्रू धारातीर्थी पडे. मग अत्यंत सौम्य हातानं काका पुढचा चिकू उतरवी.

त्याला एकाच जातीचे सिनेमे आवडत: हिंदीत डब केलेले, फौजी आणि कराटे एकत्र कालवलेले, दरिद्री सिनेमे. नेट स्वस्त व्हायच्या आधीचे ते दिवस. सिनेमे मेमरी कार्डात बसून गावोगाव हिंडायचे. त्यांतलं अरण्य चार झाडांचं असे आणि कॅमेरा कितीही पळाला तरी तीच चार झाडं धापा टाकत पुन्हा समोर येत. हेलिकॉप्टर ऐकू येई, दिसत नसे. हातात भरलेली बंदूक असताना नायक ती फेकून देई आणि लाथ मारायला धावे. मी सुशिक्षितासारखा हसायचो, आणि हसत हसत पुढचाही सिनेमा लावायला सांगायचो.

“गोळीला पैसे पडतात, गुरुजी,” काका समजवायचा. “लाथ फुकट.”

त्याला हे अनुभवानं ठाऊक होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी तलासरीकडच्या एका दगडखाणीत असल्याच एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं आणि रोजावर घेतलेल्या माणसांत काका होता. गणवेश बारा, माणसं बारा, आणि मरायचे होते पन्नास. त्यामुळे काका चार वेळा मेला. एकदा टोपी घालून, एकदा मिशा लावून, एकदा डोक्याला फडकं बांधून, आणि शेवटी बाजू बदलून, आपल्या सैन्यातून. त्या गरीब सृष्टीत मृत्यूलाही काटकसर होती. गेलेला माणूस टोपी बदलून पुन्हा यायचा. मला वाटतं, आम्हा दोघांना त्या सिनेमांचा लळा लागला तो या औदार्यापायीच.

तो सिनेमा त्याच कार्डात होता. सुरुवातीची पाटी कापली गेलेली, त्यामुळे नाव कुणालाच माहीत नाही. तिसऱ्या मरणापाशी चित्र अडकायचं आणि मे महिन्याच्या सुट्टीत वापीहून नात येणार होती. आजा पडद्यावर आहे हे तिला दाखवायचं होतं. म्हणून काका सायकल मारत मसोलीला माझ्या घरी आला होता.

“झालं नीट?”

“एकदम स्वच्छ,” मी म्हणालो.

त्यानं फोन उन्हापासून आडोशाला धरला, अंगठा वर-खाली फिरवला. मग माझ्याकडे पाहून, रागानं नव्हे, चौकशीच्या सुरात विचारलं, “गुरुजी, मी कुठं गेलो?”

डहाणूपासून तलासरीपर्यंत कार्डं भरून देणाऱ्या प्रत्येक दुकानात मी त्या निनावी सिनेमाची वर्णनं केली, एकदोन लाथाही मारून दाखवल्या. पोरं मोबाइलवर माझंच शूटिंग करू लागली तेव्हा थांबलो.

नात आली, काजल. काकानं तिला ओट्यावर बसवलं, मला अंगणात उभं केलं. “तुम्ही हिरो. पाप तुमचं, लाथ तुमची.” मी लाथ उगारली, तोल जाऊन शेणाच्या सारवणावर सपशेल आडवा झालो. शत्रू मात्र शिस्तीचा. नायक पडलेला असतानाही तो ठरल्या क्षणी मेला. दोन्ही हात आभाळाकडे गेले, गुडघे सावकाश मिटले, आणि वाऱ्यानं ठेवलेल्या पानासारखा तो जमिनीवर टेकला. मग उठला, टोपी घातली आणि पुन्हा मेला. मग फडकं बांधून आणखी एकदा. पडद्यावर अडकणारं ते तिसरं मरण त्या दिवशी कुठंही न अडकता पार पडलं.

“आजा, अजून एकदा मर ना!” काजल टाळ्या पिटत होती.

दोन पावसाळ्यांनंतर, भर दुपारी, तो वाडीतच बांबूशेजारी आडवा झाला. टोपी जवळच पडली होती. बराच वेळ कुणी धावलं नाही. सगळ्यांना वाटलं, उठेल.

दिवसकार्य झाल्यावर मी कैनाडला गेलो. अंगणात त्याची बायको, जमनाकाकी, चिकू निवडत बसली होती, पिकलेले एकीकडे, कच्चे एकीकडे. अजूनही वाडीत पाचोळा वाजला की मी वळून पाहतो, काळ ज्याला घेऊन जातो तो दुसऱ्या टोपीत परत येईल या आशेनं. हे तिला कसं सांगावं, कळेना. शेवटी घसा खाकरून शाळेतल्या मराठीत म्हणालो, “काकी, कार्डातून गेला तरी काका माझ्या आठवणीत जसाच्या तसा आहे.”

तिनं हातातला चिकू दाबून पाहिला, माझ्याकडेही तसंच पाहिलं.

“तुमच्याकडं नको हो, गुरुजी. तिथूनपण उडवाल.”