विंगेतला खोकला

"काका, थांबा. खोकला खरा वाटत नाहीये," रिकाम्या खुर्च्यांमधून दिग्दर्शक ओरडला.

विंगेत स्टुलावर बसलेल्या खोकलेकाकांनी मान हलवली आणि पुन्हा खोकून दाखवलं. नाटक जुनं, नावाजलेलं. त्यातला आजारी बाप रंगमंचावर कधी येतच नाही. आतून नुसता खोकतो, आणि बाहेर दिवाणखान्यात त्याची मुलं वाटणीवरून भांडत असतात. तरुणपणी काकांना मोठ्या भूमिकेची आस होती. वाट्याला आला हा खोकला, आणि तोच जन्मभर पुरला. अभ्यासू मंडळी म्हणत, हा खोकला म्हणजे आतून किडत चाललेल्या घराचं प्रतीक. काका म्हणत, "प्रतीक असेल बाबा, पण घसा माझाच बसतो!"

दिग्दर्शक जवळ आला. "पूर्वी कसं थिएटर हादरायचं तुमच्या खोकल्यानं! आता नुसतं खुरखुर."

"आता खराच येतोय रे," काका म्हणाले. "आजारी आहे मी. नाटकातला काढायला जातो आणि हा मध्ये घुसतो."

दिग्दर्शक काकांच्या शेजारी टेकला. मग हळूच म्हणाला, "खरा शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही हो, काका."

घरी तर कहरच. काका कितीतरी दिवस खोकत होते आणि बायको स्वयंपाकघरातून ओरडत होती, "पुरे करा ती तालीम! शेजारी वैतागलेत." एका दुपारी ते झोपेत खोकले, तेव्हा ती दारातच थबकली. झोपेत कुणी तालीम करतं? "मला मेलीला कळलं कसं नाही?" म्हणून ती मटकन खाली बसली. काकांनीच उठून तिला पाणी दिलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. हे ऐकून घाबरायला हवं होतं, निदान रडू तरी यायला हवं होतं. पण काकांच्या आत काही हलेचना. त्यांनी एवढंच विचारलं, "शनिवारचा प्रयोग जमेल ना?"

शनिवारी विंगेतल्या स्टुलावर त्यांच्या जागी दुसरा बसला, आणि काका शेजारी भिंतीला टेकून उभे राहिले. पहिल्या अंकात नोकराचं काम करून मोकळा होणारा नट होता तो. मान खाली घालून म्हणाला, "काका, राग नाही ना?"

"राग कसला? पोटातून काढ, घशातून नको."

तिसऱ्या अंकात मुलं हमरीतुमरीवर आली, नटानं पोटातून खोकला काढला आणि थिएटर चिडीचूप झालं. नेमकी तेव्हाच काकांच्या छातीत उबळ उठली. आता आवाज झाला तर प्रयोगाचा विचका. त्यांनी रुमाल तोंडात कोंबला, भिंत धरत धरत मागच्या दारानं बाहेर पडले, आणि गल्लीत उकिडवे बसून जीव जाईस्तोवर खोकले.

दारावरचा पहारेकरी नवा होता. त्यानं ओठांवर बोट ठेवलं. "अहो आजोबा, हळू! आत नाटक चाललंय."

"हो, हो," काका म्हणाले, आणि रुमाल तोंडाशी धरून जरा लांब जाऊन बसले.