तीन नंबरचा ठोकळा

अकरा वर्षं झाली, तरी प्रयोगशाळेतल्या खिडकीजवळच्या टेबलाकडे पाठ करून बसायचा बाईंना धीर होत नसे. भर दुपारी, मुलं पांगल्यावर तिथून आवाज यायचा. पाण्यात ढवळणी फिरवताना ती तांब्याच्या भांड्याला लागते ना, तसा. बारीक, एकसारखा. वळून पाहावं तर टेबल कोरडं ठणठणीत.

त्या टेबलावर मुंगीने परीक्षा दिली होती. अंगाने एवढीशी पण कामाला चिवट, म्हणून वर्गाने ठेवलेलं ते नाव. तिच्या वाट्याला काळा रंग दिलेला तीन नंबरचा ठोकळा आला. तो उकळत्या पाण्यात तापवायचा, झटकन गार पाण्यात सोडायचा, पाणी किती अंश चढलं यावरून धातूची विशिष्ट उष्णता काढायची आणि धातू ओळखायचा. मुंगीने लिहिलं, कथील. बाईंच्या यादीत होतं जस्त.

"तीन अंश कमी चढलंय तुझं पाणी," बाई म्हणाल्या होत्या. "मनाचे आकडे टाकलेस?"

"नाही बाई. तीनदा केलं. तुम्ही एकदा करून बघता का?"

"आता तू मला शिकवणार?"

मुंगी नापास झाली. कॉलेज सुटलं, कपडे रंगवायच्या कारखान्यात लागली आणि दुसऱ्याच वर्षी तापाने गेली. बाईंच्या कानावर बातमी आली त्या आठवड्यापासून तो आवाज सुरू झाला.

यंदा ठोकळ्यांची यादी नव्याने करायची होती. बाईंनी मन घट्ट करून तेच टेबल धरलं. तीन नंबरचा ठोकळा पाण्यात सोडला. पारा अठ्ठावीसच्या थोडा पुढे गेला आणि थबकला. जस्त असतं तर एकतीसच्या वर जायला हवा होता. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. कथीलच! मग चार नंबरचा तपासला, तो जस्त निघाला. दोन्ही ठोकळे वजनाला जवळपास सारखे. त्यांच्यावर नंबर घालताना बाईंच्याच हातून अदलाबदल झाली होती.

आणि इतकी वर्षं मुलं 'जस्त' लिहीत होती ती? आधीच्या वर्गाकडून उत्तर काढून, उलटं गणित मांडून. बाईंनी त्यांना शाबासकी दिली होती.

दुसऱ्या दिवशी त्या मुंगीच्या घरी गेल्या. आई शिलाई मशीनवर बसली होती.

"तिचं उत्तर बरोबर होतं. चूक माझी होती," बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या.

मशीन थांबलं. "हेच सांगत होती ती. मी म्हटलं, बाई कशाला खोटं बोलतील? वर एक थोबाडीत दिली."

बाईंनी हात जोडले. आईने मान फिरवली. "मला नको. सगळ्यांना दिसेल असं लिहून लावा."

बाईंनी प्रयोगशाळेबाहेरच्या सूचनांच्या फळ्यावर लावलं. मुंगीचं पूर्ण नाव, तिचा आकडा, स्वतःची चूक, खाली सही. आवाज काही थांबला नाही.

चार दिवसांनी आई आली. फळ्यावरच्या कागदावर बोट ठेवत, एकेक अक्षर लावत तिने सगळं वाचलं.

"म्हणजे आता पास ना ती?"

बाईंनी होकारार्थी मान डोलावली. आईने पदराने डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.