मास्तर गावात नव्हते

मिशनचे याकोब मास्तर सकाळपासून चार ओळींच्या अर्जाशी झोंबत होते, आणि कुसुमबाई भाकरी थापता थापता त्यांच्याशी.

"बदली मागायलाव, तर कारण काय लिवलंय तेवढं तरी वाचा की."

मास्तरांनी वाचलं, "इथली भुई खडकाळ आहे. अकरा वर्षं सुवार्ता पेरली, पण बी रुजत नाही."

"घ्या! नाचता येईना अन् अंगण वाकडं!" कुसुमबाई कडाडली. "म्या बाळंतपणाला माहेरी गेले तवर तर चांगले गळा काढून गात होताव. अन् परत येऊन बगते तर तीन रविवार झाले, पुस्तक उघडताव, तोंडातल्या तोंडात पुटपुटताव, बसताव. मागल्या रविवारी दोन म्हाताऱ्या आल्या. त्यातली एक सावलीला आलती."

बाई खोटं बोलत नव्हती. पालमपासून चार कोसांवरचं हे गाव, पत्र्याचं प्रार्थनाघर, मागं मास्तरांची खोली आणि ख्रिस्ती घरं मोजून पाच. त्या पाच घरांतली माणसंसुद्धा आता रविवारी रानाची वाट धरत होती. मास्तरांनी कागद खाली ठेवला. तीन महिने जे गिळलं होतं, ते बायकोपुढं बाहेर पडलं.

विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला होता, तेव्हाची गोष्ट. आज आपल्या गावातली बौद्धांची घरं जाळणार, ही कुणकुण मास्तरांना सकाळीच लागली. त्यांनी काय केलं? चुन्याची डबी घेतली आणि दारावर हातभर क्रूस काढला. आपण त्यातले नव्हे, हे लांबून दिसावं म्हणून! खरं तर त्यांचा आजा आणि पलीकडच्या बौद्ध घरातल्या सरजाबाईचा आजा एकाच वस्तीतले, एकाच पंगतीला जेवलेले. पण भ्यालेल्या माणसाला आजा कुठला आठवतो? दिवस कलताना सरजाबाई पंधरा दिवसांचा नातू पदरात गुंडाळून आली. "मास्तर, दार उघडा," तीनदा म्हणाली. मास्तर कडी लावून टेबलाखाली बसले होते. शेवटी ती पोराला घेऊन जवारीत शिरली. वरून पाऊस. मागं तिचं घर जळत होतं.

तव्यावरची भाकरी करपली तरी कुसुमबाईला भान नव्हतं.

"येत्या रविवारी सगळ्यांपुढं कबूल करतो," मास्तर म्हणाले.

"कुणापुढं? त्या दोन म्हाताऱ्यांपुढं? त्या करतील की माफ! त्यांचं काय जळालंय?" तिनं तवा आदळला. "जिला दार उघडलं न्हाई, तिच्या दाराला जा."

सरजाबाईच्या घराला दार नव्हतंच अजून. गुडघ्याएवढ्या भिंती उठल्या होत्या. लुगडं खोचून ती चिखल तुडवत होती आणि शेजारची चतुराबाई गोळे करून देत होती. नातू लिंबाखालच्या झोळीत निजला होता.

"या मास्तर, जय भीम," सरजाबाई म्हणाली.

चतुराबाई हळहळली, "मास्तर तवा गावात असते तर लेकराला आसरा झाला असता बगा."

"व्हय," सरजाबाई म्हणाली. "पर मास्तर गावात नव्हते."

मास्तरांच्या जिवाला केवढं हलकं वाटलं! नुसतं गप्प बसायचं, मान हलवायची, की झालं. आणि हलकं वाटलं याचीच त्यांना पुढच्या क्षणाला शरम आली. चतुराबाई घागर घेऊन आडाकडे गेली तसे ते म्हणाले, "सरजाबाई, म्या आतच होतो."

तिचे पाय थांबले नाहीत.

"ठावं हाय. खोकला आलता की तुमाला."

"मग लोकांला कामून तसं सांगितलंव?"

"मग काय सांगू? मास्तर कडी लावून बसले म्हून? घरं जाळणारी ती वाड्यातली माणसं हसली असती तुमाला, अन् आमची पोरं खवळली असती. अन् अजून ह्यो तंटा मिटला न्हाई. उद्या पुन्ना तसा दिस आला तर म्या कुणाचं दार वाजवू? दुसरं कोणतं हाय ह्या गावात?"

अकरा वर्षं मास्तरांनी या बाईला शेजारधर्म सांगितला होता, अगदी पुस्तक उघडून! डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"रडू नका," सरजाबाई म्हणाली. "चिखलात आदीच पाणी लय झालंय. तुडवायचं असंल तर उतरा."

मास्तरांनी चपला काढल्या, धोतर वर खोचलं आणि ते चिखलात उतरले. चतुराबाई घागर घेऊन परत आली, ती बघतच राहिली. त्यांनी तिलाही सांगितलं, "चतुराबाई, म्या त्या दिवशी गावातच होतो." तिनं एकदा सरजाबाईकडं पाहिलं. घागर ठेवून गोळे करायला बसली.

दिवस डोक्यावर येईपर्यंत तिघं कामाला होती. सरजाबाईनं माफ केलं की नाही, ते ती बोलली नाही, आणि विचारायची मास्तरांची छाती झाली नाही. निघताना तिनं एवढंच सांगितलं, "उद्या सकाळी लवकर या, चौकट बसवायची हाय."