साक्षीदार क्रमांक सतरा

“अगं, पान उलटं लावलंयस!” शेजारच्या टेबलावरची मैत्रीण ओरडली, तेव्हा कुठे ती भानावर आली.

कोर्टाच्या अभिलेखागारात युद्धगुन्ह्यांच्या जुन्या खटल्याचे कागद स्कॅन करायचं काम तिच्याकडे होतं. ‘वरून हुकूम आला होता’ ही सबब चालणार नाही, हे ज्या निकालांनी ठणकावून सांगितलं, त्यांतला हा एक. देशोदेशीचे वकील अजून त्याचा दाखला देत. पण तिचं लक्ष एका सहीवर खिळलं होतं. शेवटच्या अक्षराची शेपटी अशीच खाली ओढलेली तिच्या प्रगतिपुस्तकांवर असायची.

साक्षीदार क्रमांक सतरा. नगरपालिकेतला कारकून.

बाबा! युद्धात काय करत होतात, असं विचारलं की “कारकुनी” म्हणून विषय संपवायचे.

साक्षीत लिहिलं होतं: गावातून हलवायच्या माणसांची यादी सैन्यानं मागितली आणि बाबांनी ती नोंदवहीवरून उतरवून दिली. त्यातलं कुणी परतलं नाही. नकार देणं शक्य होतं का, असं न्यायाधीशांनी विचारलं होतं.

“होतं. एका मुलीचं नाव मी गाळलं. कुणाला कळलंही नाही. म्हणजे आणखीही गाळता आली असती.”

एवढ्याच ओळींखाली कुणीतरी लाल पेन्सिलीनं रेघ ओढली होती. आईच्या माहेरचं युद्धानंतर कुणीच उरलं नव्हतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

अर्धी रजा टाकून ती निघाली. घरावरून दोनदा पुढे गेली, दोनदा मागे फिरली. शेवटी जिना चढली. बाबा मोरीपाशी कप विसळत होते. नव्वदी उलटली तरी स्वतःचा कप ते स्वतःच धूत.

“आज लवकर?”

“बाबा, ती मुलगी म्हणजे आई ना?”

त्यांचे हात थांबले.

“कोण म्हणालं?”

“तुम्हीच. साक्ष वाचली तुमची.”

त्यांनी नळ बंद केला. मग म्हणाले, “रोज माझ्या खिडकीवरून जायची. ओळख म्हणावी तर एवढीच.”

“आणि तिच्या घरचे?”

“चौघं. माझ्याच अक्षरात.”

“तिला माहीत होतं?”

“मीच सांगितलं. दोन वर्षं तोंड बघितलं नाही माझं. मग एक दिवस दारात येऊन म्हणाली, हेच कोर्टात उभं राहून सांगणार असाल, तर पुढचं बघू.”

“तुम्हाला शिक्षा?”

“कसली शिक्षा! साक्षीदार ना मी. चहा पाजला, गाडीनं घरी सोडलं.” ते हसायला गेले, जमलं नाही.

ती खुर्चीत बसली, लगेच उठली, खिडकीशी गेली, परत आली. किंचाळावं की त्यांना जवळ घ्यावं, काही सुचेना. एक नाव गाळलं नसतं, तर आज हा प्रश्न विचारायला तीही नसती.

बाबांनी विसळलेला कप पुसायला पुढे केला. ती त्यांच्या ओल्या बोटांकडे बघत राहिली. त्यांनीही हात मागे घेतला नाही.

मग तिनं कप घेतला.