पाचव्या डब्याचं झाकण

लिफ्ट बंद पडली त्याला त्या रविवारी नऊ दिवस झाले. दुरुस्तीवाला ‘पार्ट मागवलाय’ एवढं बोलून गेला तो गेलाच. पार्ट बहुधा पायी निघाला असावा. तळमजल्यावरच्यांचं काय जातंय? त्यांनी नुसतं चुकचुकून घेतलं. सातव्या मजल्यावर मात्र ऑपरेटरची बायको नवा गुडघा घेऊन दोन खोल्यांत अडकून पडली होती. जिना उतरायला डॉक्टरांची सक्त मनाई. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची आणि भिंतीवरून उतरणारा पाण्याचा पाइप. त्या पाइपाचे सांधेसुद्धा तिला आता पाठ झाले होते.

ऑपरेटर म्हणजे तिचा नवरा. ज्या थिएटरात तो पिक्चर चालवायचा ते पाडून तिथे फर्निचरचं दुकान झालं, त्यालाही पंधरा वर्षं उलटली. तरी शेजारीपाजारी त्याला ऑपरेटरच म्हणत आणि त्याला ते मनापासून आवडायचं. उभा जन्म एवढ्याशा केबिनमध्ये, भिंतीतल्या चौकोनी भोकातून पडदा बघण्यात गेलेला माणूस. बंद खोलीची त्याला काय भीती? पण आज त्याचा जीव गुदमरत होता, आणि त्याचं कारण समोर टीपॉयवर ठेवलेलं होतं.

ते एक निळं खोकं होतं. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली म्हणून मुलीने आणलेलं. सात मजले चढून, धापा टाकत, ‘डोळे मिटा दोघांनी’ वगैरे लाडात येऊन तिने ते हातात ठेवलं होतं. आत कप्तानाचा पिक्चर. अवकाशात अडकलेल्या यानाचा, जुना, गाजलेला. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, पण या घरात तो कायम कप्तानाचाच पिक्चर होता. आणि तो एकदा नव्हे, चार प्रकारांनी. चार तबकड्या.

“तुमचं ज्याच्यामुळे जमलं तो, बाबा!” मुलगी म्हणाली होती. मग तिने यंत्र जोडून दिलं, रिमोट समजावला. “आणि हे बटण बघा. दाबलं की पिक्चरचे भाग दिसतात, आकडे घातलेले. हवा त्या भागावर उडी मारायची.”

“पिक्चरमध्ये उड्या मारायच्या नसतात,” ऑपरेटर म्हणाला. “डबे क्रमाने लावायचे असतात.” हे बोलताना आपली जीभ कशी झडली नाही याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

मुलगी जेवून गेली. बायको पाय स्टुलावर टाकून, पाठीला उशी घेऊन तयार बसली होती.

“लावताय ना?”

“कुठला लावायचा ते बघतोय. चार आहेत.”

“बघा.”

त्याने पहिली तबकडी उलटसुलट केली. “यात एक माणूस मागून सारखं समजावून सांगतो. कप्तान चालला की म्हणतो, कप्तान चालला. डोकं उठेल तुझं.”

“मग दुसरा.”

“हा दिग्दर्शकाने मागाहून वाढवलेला. बावीस मिनिटं जास्त. इतका वेळ पाय लांब करून बसलीस तर अवघडेल.”

“तिसरा?”

“तो धुऊनपुसून नवा केलाय. रंग बघ किती भडक. तेव्हा अंधार कसा अंधारासारखा दिसायचा.”

“अहो, पिक्चर लावताय की भाजी निवडताय? चौथा कुठला?”

“तेव्हा थिएटरांत लागला होता तो,” ऑपरेटर म्हणाला आणि उगाचच चष्मा पुसायला लागला.

“मग त्यालाच काय धाड भरलीय?”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. ती साधंच विचारत होती, आणि याच्या कपाळाला घाम फुटला होता.

झालं होतं ते असं. ऑपरेटर चोवीस वर्षांचा होता, नोकरीला तीन महिने झाले होते. खालच्या तिकीटखिडकीत बसणारी मुलगी त्याला आवडायची, आणि ते सांगण्याची त्याच्यात धमक नव्हती. कप्तानाचा पिक्चर आला तो सात डब्यांत. पाचव्या आणि सातव्या रिळाचे जोड सैल आहेत अशी चिठ्ठी सोबत होती, म्हणून त्याने दोन्ही डबे एकदम उघडले, जोड पक्के केले आणि झाकणं लावली. पाचाचं सातावर, साताचं पाचावर. आकडे खडूने झाकणांवरच घातलेले. रिळाच्या तोंडाच्या पट्टीवरही आकडा असतो, तो वाचायचा असतो. पण हा शहाणा झाकणाच्या भरवशावर राहिला.

पहिला खेळ भरगच्च. पाचवं म्हणून लावलेलं रीळ निम्म्यावर आलं, तर पडद्यावर कप्तान बंद दालनात भिंतीला टेकलेला, हवा संपत आलेली, त्याने सावकाश डोळे मिटले आणि संगीत चढायला लागलं. ऑपरेटरने पिक्चर आधी पाहिला नव्हता, पण संगीत कशासाठी चढतं ते या धंद्यात पहिल्या आठवड्यात कळतं. हे तर संपतंय! ‘समाप्त’ची पाटी यायच्या आत त्याने दुसरं यंत्र सुरू केलं. तिथे सहावं रीळ होतं. त्यात कप्तान त्याच दालनात डोळे उघडतो, पृथ्वीवरचे लोक त्याचा शोध घेतात आणि शेवटी हात टेकतात. आणि मग, खरं तर पाचवं असलेलं रीळ शेवटी लागलं. कप्तानाला पडलेलं स्वप्न. तो आपल्या घराचं दार ढकलतो, टेबलाशी बसलेली त्याची बायको मान वर करते. रीळ संपलं. पडदा पांढरा झाला.

लोकांनी टाळ्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं. तो घरी आला कसा, हे कोणीही विचारलं नाही. माणसाला घरी आलेला माणूस हवा असतो, वाटखर्च कोण विचारतो? दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं की परतीचा प्रवास न दाखवता परत येणं दाखवणं हीच खरी प्रतिभा. मालकांनी ते कात्रण काचेच्या चौकटीत लावलं. अकरा आठवडे पिक्चर चालला, आणि रोज चारही खेळांना पाचवं रीळ शेवटीच लागलं.

तिकीटखिडकीतल्या मुलीला त्याच सुमारास मोठ्या शहरातून टेलिफोन खात्याची नोकरी आली होती. ती गेली नाही. पुढे लग्न ठरलं, झालं, आणि तेव्हापासून प्रत्येक बारशाला, प्रत्येक मुंजीला, पाहुण्यांनी ‘तुमचं जमलं कसं?’ विचारलं की ती एकच वाक्य बोलायची: “तो कप्तान परत आला ना, म्हणून मी थांबले.” सगळे हसायचे. ऑपरेटरही हसायचा, आणि विषय बदलायचा. कप्तान परत आलाच नव्हता. एका झाकणाच्या चुकीवर या बाईने हातची नोकरी सोडली, आणि आयुष्य काढलं दोन खोल्यांत, याच्या तुटपुंज्या जगात. तिला कळलं तर? ती काय म्हणेल? गेलेली वर्षं कोणाकडे मागेल?

म्हणून तो जपला. टीव्हीवर कप्तान पहिल्यांदा लागणार होता त्या संध्याकाळी याने गुपचूप फ्यूज काढून ठेवला आणि दोन तास अंधारात, वीज मंडळाला शिव्या देत बसला. दुसऱ्या खेपेला तर तो तिला घेऊन स्वतःच्या बहिणीकडे गेला. या बहिणीशी त्याचं पाच मिनिटंही पटत नसे, आणि तिथे तीन तास हसतमुखाने बसून त्याची दाढ दुखायला लागली.

आज मात्र ना फ्यूजची सोय होती ना बहिणीची. लिफ्ट बंद, बायको समोर. सकाळीच तो भिंग घेऊन न्हाणीघरात शिरला होता आणि खोक्यातली पुस्तिका अक्षरन् अक्षर वाचून आला होता. चारांतल्या एखाद्या तरी प्रकारात कप्तान घरी पोचत असेल, एवढीच आशा. कशातच पोचत नव्हता. दिग्दर्शकाच्या प्रकारात तर तो सहा मिनिटं जास्त मरत होता.

“आणा इकडे,” बायको म्हणाली. तिने त्याच्या हातातून चौथी तबकडी घेतली, कुबडी टेकत उठली, स्वतः यंत्रात सरकवली आणि पुन्हा येऊन बसली. आता काय करता? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ऑपरेटर तिच्या शेजारी बसला.

पिक्चर सुरू झाला. भर दुपार होती, तिने पडदा ओढून घेतला होता. यान फुटलं, कप्तान दालनात अडकला, दार बंद झालं. ऑपरेटरची सवय जात नव्हती. कोपऱ्यात रीळ बदलायचा काळा ठिपका दिसला की त्याचा उजवा हात आपोआप उचलला जायचा. एक, दोन, तीन, चार. पाचवा आला आणि कप्तानाने घराचं दार ढकललं. इतक्या लवकर, अर्ध्यातच. टेबलाशी बसलेल्या बाईने मान वर केली. ऑपरेटरने डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. बायको हललीदेखील नाही. मग कप्तान दालनात जागा झाला. लोकांनी शोध सोडला. संगीत चढलं. त्याने डोळे मिटले आणि या वेळी ‘समाप्त’ची पाटी कोणीच अडवली नाही.

पडद्यावर पुन्हा सुरुवातीची यादी आली. कुठला भाग, कुठला आवाज, कुठली भाषा.

“आपल्याकडे आला होता तो वेगळा असणार,” ऑपरेटर घाईने म्हणाला. “पाचवा काहीतरी प्रकार.”

“पाचवा प्रकार तुम्ही केला होतात,” बायको म्हणाली.

त्याला वाटलं, खोलीतली हवाच संपली.

“टेलिफोनवाल्यांनी डॉक्टरी तपासणीला बोलावलं होतं मला, आठवतं? शहरात अर्धा दिवस मोकळा होता. स्टँडसमोर कप्तान लागलेला. म्हटलं, आणखी एकदा घरी आलेला बघू. तर मेला! मला वाटलं, ह्या लोकांनी चुकीचा लावला. दरवाजावरच्या माणसाला जाऊन सांगितलंसुद्धा मी. तो इतका हसला.” ती स्वतःही थोडी हसली. “मग बसमध्ये विचार करत आले. सगळ्या जगात तो मरतोय, आणि एकट्या आपल्या थिएटरात रोज चार वेळा घरी येतोय. पहिल्या दिवशी मी तुमच्या केबिनच्या दारात येऊन रडले होते ना, ‘बरं झालं आला’ म्हणून. म्हटलं, तोंडाने एक शब्द बोलत नाही, पण हा माणूस माझ्यासाठी रोज एवढं करतोय. नोकरीचं पत्र मी बसच्या खिडकीतून सोडून दिलं.”

ऑपरेटरने पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

“आणि फ्यूज कोणी काढला होता तेही माहितीये. एवढी वर्षं वाट बघितली, कधीतरी आपण होऊन सांगाल म्हणून. माझ्यासाठीच ना?”

झाकली मूठ सव्वा लाखाची. नुसती मान हलवली असती की काम झालं होतं. एकेचाळीस वर्षं ज्याची भीती बाळगली ते तर घडलंच नव्हतं. उलट तिने त्याला नको तेवढा मोठा करून ठेवला होता. पण मान हलवली तर आता मरेपर्यंत या नव्या दालनात राहायचं, हेही त्याला दिसलं. आणि तो थकला होता.

“नाही,” तो म्हणाला. “झाकणं उलटी लागली. चूक होती. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या, पेपरात आलं, मालकांनी चौकट लावली. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. भ्यालो मी. रोज चार वेळा भ्यालो. तू दारात येऊन काय बोललीस ते मला ऐकूही आलं नव्हतं. मी डबे मोजत होतो.”

बायकोने पाय स्टुलावरून खाली घेतला. मग कुबडी घेऊन उठली. रागावलेल्या माणसाने जायचं कुठे? खाली उतरता येत नाही, माहेर उरलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने दार लावून घेतलं.

ऑपरेटर बसून राहिला. आतून नळ सुटल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला, मग कसलाच आवाज आला नाही. दाराशी जाऊन हाक मारावी असं त्याला वाटलं, पण काय म्हणून? जिन्यात कोणीतरी ओझं घेऊन चढत होतं, मजल्यामजल्याला थांबत होतं. टीव्हीवरची यादी तशीच उजळत होती. तिने सोडून दिलेलं पत्र कुठल्या शेतात जाऊन पडलं असेल, असलं काहीतरी त्याच्या मनात आलं आणि त्याला रडू फुटलं. त्याने ते आवरलं नाही.

दार उघडलं. बायको चौकट धरून उभी होती. डोळे लाल होते, पण आवाज तिकीटखिडकीतला, रांगेला दरडावणारा.

“पोरीने ते भागांचं बटण दाखवलंय ना?”

“हो.”

“त्यावर पाचवा भाग शेवटी लावता येतो?”

“येतो,” ऑपरेटर म्हणाला.

“मग लावा.” ती सावकाश येऊन आपल्या जागेवर बसली, पाय स्टुलावर टाकला. “आणि या वेळी मुद्दाम लावा.”

ऑपरेटरने चष्मा चढवला. त्याने बटण दाबलं आणि पडद्यावरचे आकडे एकदा वाचले, मग बोट लावून पुन्हा एकदा वाचले.