भिंतीपासून वीतभर

डेझमंडनं ज्वारीच्या पोत्यावर हात ठेवला आणि मागं वळून विचारलं, "हीच खोली?"

शिवपुत्रनं मान हलवली. खोलीत पाऊल टाकायला जागा नव्हती. पोती पार आढ्यापर्यंत रचली होती. खिडकी होती, पण ती पोत्यांच्या मागं गेली होती. तिच्या वरच्या कडेतून उन्हाची एक फट तेवढी आत येत होती.

"अक्काच्या लग्नाचं पत्र आलं आणि अप्पांनी खोली मोकळी केली," शिवपुत्र इंग्रजीत म्हणाला. कॉलेजात एक वर्ष काढून तो दुकानावर बसला होता. प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवून मग बोलायचा. "तिचा पलंग शेजारी देऊन टाकला. म्हणाले, आता इथं दुकानाचा माल राहील. पुढं अप्पा गेले. माल राहिला."

अक्का म्हणजे नीला. ती इथंच सोलापुरात नर्सिंग शिकली आणि विलायतेला गेली. बर्मिंगहॅममध्ये तिनं बसवरच्या एका कंडक्टरशी लग्न केलं. तो हा डेझमंड. जमैकाचा, रंगानं काळा, धर्मानं ख्रिस्ती. अप्पांनी तिचं नाव घरात काढू दिलं नाही. गेल्या दिवाळीच्या सुमारास ती आजारानं गेली. डेझमंडनं ते कळवलं आणि शिल्लक रजा जमवून तो स्वतःच इकडं आला.

येताना गाडीतून ऊस दिसला तेव्हा तो खिडकीशी सरकून बसला होता. मग चिंचा दिसल्या, आंबे दिसले, डोक्यावर पाट्या घेऊन बाजाराला निघालेल्या बाया दिसल्या. त्याच्या गावी, सेंट एलिझाबेथला, हे सगळं होतं. माती तेवढी तिथं तांबडी होती. नीला त्याला नेहमी म्हणायची, तुझं गाव माझ्या गावासारखंच असणार, समुद्र सोडून. दोघांनी एकमेकांची गावं बघायचं ठरवलं होतं. ते राहून गेलं.

"तुम्हाला ही खोली कशाला बघायची होती, दाजी?" शिवपुत्रनं विचारलं.

डेझमंड उंबऱ्यावर बसला. पलीकडं चुलीपाशी नीलाची आई, रत्नम्मा, भाकरी थापत होती. तो आल्यापासून तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं नव्हतं. ताट वाढायची, पाणी ठेवायची आणि पाठ फिरवायची.

"आमच्याकडं म्हणतात," तो सावकाश म्हणाला, "मेलेला माणूस जिथं जिथं चालला, तिथं तिथं एकदा जाऊन येतो. आपली पावलं गोळा करतो. मग घरी येतो. नवव्या दिवशी घरचे लोक पलंग फिरवतात, खुर्च्या हलवतात. घर ओळखू आलं नाही म्हणजे तो पुढच्या वाटेला लागतो."

"मग?"

"बर्मिंगहॅमला आमचे लोक आले होते पलंग फिरवायला. मी दारात उभा राहिलो. कुणाला हात लावू दिला नाही." त्यानं पोत्याचा सुटलेला सुतळीचा पीळ बोटाभोवती गुंडाळला. "मला ती यायला हवी होती. पण आली नाही. स्वप्नातसुद्धा नाही. म्हटलं, आईकडं गेली असेल."

त्यानं पोत्यांकडं पाहिलं.

"इथं आली असेल, तरी दारातूनच फिरली असेल."

भाकरी थापायचा आवाज थांबला होता. रत्नम्मानं लेकाला विचारलं, "काय म्हणतोय त्यो?"

शिवपुत्रनं अडखळत सांगितलं. रत्नम्मानं सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी तव्यावर टाकली.

"आमच्यात गेलेलं माणूस लिंगात मिळतं. मागं फिरत न्हाय," ती म्हणाली. "सांग त्याला."

सांगायची गरज पडली नाही. डेझमंडला नीलानं शिकवलेली मराठी फारशी बोलायला येत नसली, तरी कळत होती. "व्हय, अव्वा," तो म्हणाला.

आईला हाक मारायचा लेकीच्या तोंडचा तो हेल परक्या गळ्यातून आला, तशी रत्नम्मानं चटकन पदर तोंडाला लावला. तव्यावरची भाकरी करपली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला शेजारची गोजाबाई आली. पाहुणा बघायचाच होता तिला. विरजणासाठी दही मागायचं निमित्त केलं.

"बया, केवढा उंच! आढ्याला डोकं लागंल की गं ह्येचं. पोरं इचारत्यात, वेस्ट इंडीजचा हाय तर बोलिंग टाकतोय का म्हणून."

"बसची तिकिटं फाडतो," शिवपुत्र म्हणाला.

"मग लेकाच्यांनी कशापाय दाराशी गर्दी केलीया!" गोजाबाई खाली बसली. "आनि ह्येंच्यात माणूस गेल्यावर जेवाण काय करत्यात, इचार की."

डेझमंडला प्रश्न कळला. बकरं कापतात, तो उत्साहानं इंग्रजीत सांगू लागला, मोठ्या हंड्यात मसाला घालून शिजवतात, डोकं आणि पाय यांचा वेगळा रस्सा करतात, सगळं गाव जेवतं. शिवपुत्रच्या कपाळावर घाम आला. त्याच्या घरात कांदासुद्धा सोमवारी चिरत नसत.

"भात करतात म्हणे," तो म्हणाला.

"नुस्ता भात? एवढा गडी नुस्त्या भातावर?"

"भात आणि घेवडा. नारळाच्या दुधात."

हेही खोटं नव्हतं. नीला दर रविवारी तसाच भात करायची, वर कोरडी शेंगाचटणी घालून खायची. डेझमंडनं ताटातल्या चटणीला बोट लावून ते चाटलं. "लई तिखट," तो म्हणाला. गोजाबाई एवढी हसली की दह्याची वाटी तिथंच विसरून गेली.

रत्नम्मा हसली नाही. पण त्याच्या ताटात तिनं आणखी थोडी चटणी वाढली, आणि वाढताना पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडं पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी डेझमंड सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत फिरून आला, तर अंगणात पोती पडली होती. रत्नम्मा एका पोत्याचे कान धरून ते ओढत होती आणि शिवपुत्र दोन्ही हात पसरून तिच्यापुढं उभा होता.

"अव्वा, माल आहे हा! कुठं ठेवू सगळा?"

"तुझ्या डोक्यावर ठेव. बाजूला हो."

"तूच म्हणालीस की, गेलेलं माणूस मागं फिरत न्हाय म्हणून."

"मी म्हनले ते म्हनले." तिनं पोतं सोडलं नाही. "जावईबापू, तिकडचा कान धरा."

डेझमंडनं कोट काढून कट्ट्यावर ठेवला आणि पोतं उचललं. दुपारपर्यंत खोली मोकळी झाली. रत्नम्मानं ती झाडली, सारवली. पलंग आणायला ती स्वतः गोजाबाईकडं गेली. भिंतीपलीकडून गोजाबाईचा आवाज येत राहिला. दिलेली वस्तू कुणी परत मागतं का, माझ्या पाठीला त्येची सवय हाय, आता मी काय जिमिनीवर लोळू? पण पलंगाचं पुढचं टोक धरून तीच आली.

शिवपुत्र पलंग भिंतीला लावू लागला.

"तसा न्हाय. भिंतीपासनं वीतभर सोड."

"कशाला?"

"पलीकडं चूल हाय न्हवं. भिंत तापती. नीलाला उकडायचं." तिनं गुडघ्यानं पलंग सारखा केला. उसं दक्षिणेला. कंदील पायथ्याशी. मग तिला काहीतरी आठवलं आणि ती अंगणात गेली. तिथं एका कोपऱ्यात जुनं जातं होतं. डेझमंड आणि शिवपुत्रनं त्याचे दगड लोटत आत आणले. ती बोट दाखवील तिथं, दारामागं, ठेवले.

"आता दार निम्मंच उघडंल," शिवपुत्र म्हणाला.

"नीला व्हती तवा बी निम्मंच उघडायचं."

सगळं झाल्यावर त्यांनी बाहेर हातपाय धुतले. रत्नम्मा आत पलंगावर वाकळ घालत होती. डेझमंड पंच्याला हात पुसत दाराशी आला. त्यानं दार ढकललं, आणि ते दगडाला थटायच्या आत उजवा खांदा पुढं काढून, तिरका होऊन, तो आत शिरला. पलंगाला वळसा घालून भिंतीकडच्या फटीत पाय न अडकवता पायथ्याशी गेला. कंदील असतो तिथं हात नेला. मग तसाच उभा राहिला.

रत्नम्मा वाकळीचं टोक हातात धरून त्याच्याकडं बघत होती.

"काय झालं?"

बर्मिंगहॅमच्या खोलीत नीलानं दारामागं ट्रंक ठेवली होती. रोज कामावरून आल्यावर तो तिरका होऊन आत शिरायचा आणि रोज कुरकुरायचा. ट्रंक पलंगाखाली घाल म्हटलं की ती म्हणायची, राहू दे, तिथं बरी दिसते. पलंगही असाच सोडलेला. पलंग आणि भिंत यांच्या मध्ये त्याची उशी पडायची, मोजे पडायचे.

हे सगळं त्याला मराठीत सांगता येईना. "तितं," तो म्हणाला. दाराकडं बोट केलं, पलंगाकडं केलं, दिव्याकडं केलं. "तितं बी. असंच."

रत्नम्मा वाकळीवर बसली.

"तितं भिंतीपलीकडं चूल हाय?"

"न्हाय. रस्ता हाय." तो शब्द शोधत राहिला. "भिंत गार. लई गार."

मग तिनं हात लांब करून चुलीकडच्या भिंतीवर तळवा ठेवला. सकाळपासून चूल पेटली नव्हती. भिंत थंडच असणार. हात तिनं तसाच ठेवला.

निघायच्या दिवशी टांगा दाराशी आला, तेव्हा रत्नम्मानं कडक भाकऱ्या आणि चटणीचं पुडकं त्याच्या पिशवीत घातलं. त्यानं वाकून तिच्या पायांना हात लावला. तिनं लेकाला जवळ बोलावलं.

"ह्येला एक इचार. दोन्ही घरं सारखीच हायत, तर ती कुटं येईल?"

शिवपुत्र काही बोलायच्या आत डेझमंडनं तिच्याकडं पाहिलं. टांगेवाल्यानं घाई केली.

स्टेशनावर गाडी लागलेलीच होती. शिवपुत्रनं बॅग आत ठेवली आणि खाली उतरून तो खिडकीशी उभा राहिला. इंजिनानं शिट्टी दिली तेव्हा डेझमंड खिडकीच्या गजांशी वाकला.

"मी गेल्यावर पलंग फिरवणार आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "ट्रंक देऊन टाकीन. भिंतीला नवा रंग देईन."

"का दाजी? तुम्ही तर कुणाला हात लावू दिला नव्हता."

डेझमंडनं गजावरचा हात आवळला.

"तिला ओळखू येईल असं एकच घर राहू दे. अव्वाला सांगू नका. फक्त त्या खोलीत पोती ठेवू नका, पावसाळ्यातसुद्धा."

शिवपुत्र फलाटावर गाडीबरोबर चालू लागला. सगळ्या घरात तेवढी एकच खोली गळत नव्हती.

"नाही ठेवणार," तो ओरडून म्हणाला.